मिठाचा नेम

चौबे कॉलोनी, रायपूर
२९ जून २०२५

सुजाता,

आशीर्वाद. तुझ्या वहिनीचेही आहेत, पण ती दुपारची पडली आहे म्हणून माझ्याच हातून घे.

भाऊ फोन काहून करत नाही म्हणून तू आमच्या पोरापाशी, विशालपाशी, कुरकुर केली, ते त्यानं सांगितलं. अगं, रेल्वेच्या वॅगन शॉपमधले घण माझ्या कानात असे बसले की फोनवर तू काय बोलते ते मले पोत्यातून आल्यासारखं ऐकू येते. कानाची मशीन लावली तर शिट्टी वाजते. मोबाईलवर लिहायले गेलो तर बोट एका अक्षरावर ठेवतो आणि उमटते दुसरंच. म्हणून पत्र. तू पोस्टाच्या खिडकीत जन्म काढला, तुले तर आनंद व्हायले पाहिजे.

बातमी ही की पद्मिनीले इन्सुलिन सुरू झालं. गोळ्यांनी साखर ऐकेना. बीपी तर तिचं जुनंच, विशालच्या वेळेपासूनचं. सकाळी उठल्यावर एक सुई, संध्याकाळी जेवणाआधी एक. टोचतो मी. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, सिरिंजवरच्या रेघा तिले दिसत नाहीत. मले रेघा दिसतात, पण हात थरथरते. कधी एकदा टोचून बाहेर येते, मग पुन्हा टोचा लागते. ती हूं की चूं करत नाही. केलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यात पाय सुजले. मोठ्या आशेनं सुई सुरू केली, तर बीपी वर आणि पायावर बोट दाबलं की खड्डा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, इन्सुलिन साखर तर उतरवते, पण किडनीले मीठही धरून ठेवायले लावते. बीपीच्या माणसाले ते बाधते. मग एक नवी गोळी लिहून दिली आणि जेवणात मीठ कमी करा म्हटलं. त्यावर तुझी वहिनी घरी येऊन म्हणते, "कमी कशाले, सोडूनच देते. चातुर्मास येऊनच राहिला." तिचा नेम तुले माहीत आहे. एका वर्षी चहा सोडला होता तर देवउठनी एकादशीपर्यंत कपाले हात लावला नाही. आता मीठ. घरात दोन भाज्या कोण करणार, म्हणून मीही अळणी वरण गिळून राहिलो.

विशाल आणि सून अनुश्री नवा रायपूरले आहेत. रविवारी येतात. विशाल म्हणते, "बाबा, आप थोड़ा आराम करो." हव म्हणतो. आराम कोणत्या दुकानात मिळते ते तो सांगत नाही.

मी थकलो सुजाता. कोणाले सांगू नको, पण थकलो.

तुझा भाऊ,
यशवंत


वर्धा
६ जुलै २०२५

भाऊ,

नमस्कार तर आहेच, पण आधी भांडते. थकलो हे शेवटच्या ओळीत लिहिते होय रे? ते वरती लिहायचं असते.

पण मी उपाय शोधून ठेवला. मलेही बीपी आहे हे तू विसरला असशील, भावांना बहिणीचं फक्त लग्न लक्षात राहते. मी दोन वर्षांपासून ते कमी सोडियमचं मीठ खाते. पाकीट मिळते दुकानात. त्यात अर्धंअधिक मीठच नाही, पोटॅशियमचा क्षार आहे. चव थोडी कडसर, पण जीभ शिकते. माझं बीपी त्यानं जाग्यावर आलं. मी आजच दोन पाकिटं पार्सल केली.

आता वहिनीच्या नेमाचं. त्यांना नीट समजावून सांग की हे मीठ नाही, औषध आहे. समुद्रातलं मीठ सोडलं म्हणजे नेम पाळला. उपासाले आपण सैंधव चालवतोच ना? मग हे का नाही चालणार? आमच्या इथल्या काकूंना विचारलं, त्याही म्हणाल्या की बाप्पा, औषधाले कोणता दोष. डॉक्टरही खूश, देवही खूश, आणि तुझ्या वरणाले चव. माझं डोकं अजून चालते, बघ.

सुईचं ऐकून जीव हळहळला. तुझ्या हाताले काय झालं? घण पकडणारा हात तो.

सुजाता


रायपूर
२१ जुलै २०२५

सुजाता,

पार्सल आलं. तुझ्या वहिनीनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला, देवापुढे ठेवलं, मग म्हणाली, "ताईंनी म्हटलं तर औषधच असेल." आता घरात वरणाले चव आहे. फिकं लागते म्हणून ती दुपटीनं टाकते. औषध आहे म्हटल्यावर हात आखडता कशाले घेणार?

आणि काय सांगू, पायाची सूज उतरली. बोट दाबलं तर खड्डा पडत नाही. चप्पल पायात जाऊन राहिली. तुझ्या मिठाची कमाल म्हण.

दुसरी बातमी त्याहून मोठी. पद्मिनी सुई स्वतःच घेऊन राहिली. या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलला, म्हणते आता रेघा दिसतात. बाजूच्या भावना दीदींनी तिले एकदा दाखवलं कसं भरायचं. सकाळी ती उठते, आपलं आपण करते, मले हाक मारत नाही. काल मी सातपर्यंत झोपलो. सातपर्यंत, सुजाता. ऊन भिंतीवर आलं होतं. मले आधी समजलंच नाही की आपण कोणत्या घरात आहो.

नव्या गोळीनंतर रक्त तपासायचं म्हटलं होतं मॅडमनी, त्यातलं सोडियम-पोटॅशियम पाहायले. पण पाऊस लागून आहे आणि ऑटोत तिचे गुडघे दुखतात. पाऊस उघडला की जाऊ. सूज उतरलीच आहे.

भूक मले आता बरी लागते.

यशवंत


वर्धा
२८ जुलै २०२५

भाऊ,

सातपर्यंत झोपला हे वाचून मी शेजारणीले वाचून दाखवलं. ती म्हणाली यात काय वाचायचं. तिले भाऊ नाही.

वहिनींना माझा नमस्कार आणि शाबासकी. पाठीवर थाप मारजो माझ्याकडून, हळू. ते रक्ताचं मात्र लांबवू नको. मले तर वर्षातून एकदा पाहतात आणि जा म्हणतात, पण त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना सुई आहे.

श्रावण लागला. त्या सोमवार धरतील. साबुदाणा कमी, साखर वाढते त्यानं. बटाटा, रताळं, शेंगदाणा चालेल, शहाळ्याचं पाणी तर उत्तमच.

सुजाता


रायपूर
१२ ऑगस्ट २०२५

सुजाता,

आता तुझ्या वहिनीची तक्रार ऐक. कोणापाशी करू? विशालपाशी केली तर तो तिचीच बाजू घेते, हिंदीत.

ती रुसून आहे. कशावरून, ते विचारलं तर सांगत नाही. सकाळी अंथरुणातून उठायले अर्धा तास. उठली तर पलंगाच्या काठाशी बसून राहते, पाय खाली सोडून. म्हणतो, चाल, चहा करू. म्हणते, पाय उठत नाहीत. सूज तर नाही मग उठत काहून नाहीत? पाणी मात्र घागरीनं पिते. रात्रीतून चार वेळा उठते, आणि तेवढ्यासाठी मले उठा लागते, कारण भिंत धरून जाते. साखर मोजली का म्हटलं तर म्हणते, मोजली, ठीक आहे.

काल मी ओरडलो. मले माझा आवाज ऐकू येत नाही म्हणून किती ओरडलो ते मले माहीत नाही. भावना दीदी कुंपणापाशी आल्या होत्या म्हणजे बरंच असेल. पद्मिनी नुसती पाहून राहिली माझ्याकडे, जशी आपण स्टेशनावर आपल्या नसलेल्या गाडीकडे पाहतो. मग म्हणाली, "तुम्ही झोपा थोडं."

या वयात रुसवे काढायचे होय? मी तिले म्हटलं, मनात काय आहे ते बोल. म्हणे काही नाही, सोमवार होता ना म्हणून थकवा. सोमवार तर एकच असते आठवड्यात.

रक्ताचं राहिलंच. जाऊ.

यशवंत


वर्धा
१८ ऑगस्ट २०२५

भाऊ,

तुझं पत्र वाचून मले तुझाच राग आला, आणि मग तुझीच कीव आली. रुसवाच आहे तो. बाईमाणूस स्वतःची सुई स्वतः टोचून राहिली आणि तुम्ही सातपर्यंत घोरता, मग रुसणार नाही तर काय? तिच्यापाशी बस जरा. पेपर बाजूले ठेवून बस.

पाय उठत नाहीत ते अशक्तपणानं असेल. माझ्या पिंडऱ्यात गोळे यायचे तेव्हा डॉक्टरनं केळं सांगितलं होतं. अर्धं केळं देजो, साखर आहे म्हणून अर्धंच. आणि शहाळं रोज. त्यात ताकद असते. मिठाचं पाकीट संपत आलं असेल, आणखी दोन पाठवून राहिली.

तीजा, म्हणजे आपली हरितालिका, जवळ आला. तुमच्या रायपुरात तर सगळ्या बाया माहेरी जातील, बसमध्ये पाय ठेवायले जागा राहणार नाही. वहिनींचं माहेर गावातच, भनपुरीत, आणि आता तिथं कोणी नाही, तेव्हा त्या घरीच हरितालिका मांडतील. निर्जळी करू देऊ नको. माझी शपथ सांग. फळं खाऊन करा म्हणावं, पाणी पिऊन करा.

रक्त तपासलं का? लिहीत नाहीस म्हणजे नाही.

सुजाता


रायपूर
३१ ऑगस्ट २०२५

सुजाता,

विशालनं तुले फोन केला हे मले माहीत आहे. त्याच्या फोनवर तू रडली असंही तो म्हणाला. मी आता बसून सगळं क्रमानं लिहितो. क्रम लावला की जरा बरं वाटते.

हरितालिकेच्या दिवशी तुझी शपथ तिनं ऐकली. निर्जळी केली नाही. सकाळी शहाळं प्याली, दुपारी केळं खाल्लं, उकडलेलं रताळं खाल्लं, तुझंच मीठ लावून. संध्याकाळी पूजेले पाटावर बसली. आरती झाली आणि उठता येईना. मी हात दिला, तर हातही उचलेना. चेहरा मातीसारखा. मी म्हटलं, हा रुसवा नाही. इतकंच सुचलं मले.

भावना दीदी फराळाची ठेठरी-खुरमी द्यायले आल्या होत्या. त्यांच्या मालकांनी गाडी काढली. जवळच्याच दवाखान्यात नेलं. नाडी चाळिसाच्या खाली होती. छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि ती पाहून तिथला डॉक्टर जागेवरून उठून पळाला. डॉक्टर पळते तेव्हा माणसाले समजते. रक्तात पोटॅशियम साताच्या वर. साखर चारशेच्या वर. मले सांगितलं की हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते. कानाची मशीन घरी राहिली होती, म्हणून त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं.

मग त्यांनी कॅल्शियमची सुई दिली, आणि मग, सुजाता, सलाईनमधून इन्सुलिन. मी म्हटलं साखरेसाठी. तो म्हणाला, साखरेसाठी तर आहेच, पण आधी पोटॅशियमसाठी. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडम आल्या, त्यांनी नीट समजावलं. माझ्या डोक्यात ते मालधक्क्यासारखं बसलं. इन्सुलिन म्हणजे हमाल. साखर वॅगनमध्ये चढवते ते आपल्याले माहीत होतं. पोटॅशियमही तेच चढवते. हमाल आला नाही तर दोन्ही माल फलाटावर पडून राहतो. इथं माल रक्तात पडून राहिला.

आणि ती नवी गोळी. आपल्या किडनीच्या डोक्यावर एक ग्रंथी असते म्हणे, तिचा हार्मोन मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर काढते. गोळीनं त्या हार्मोनचा हात धरला. मीठ बाहेर जाऊ लागलं आणि पोटॅशियम आत राहू लागलं. म्हणूनच रक्त तपासा म्हटलं होतं. मॅडमनी विचारलं, मीठ कोणतं खाता? मी पाकिटाचं नाव सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, त्या गोळीसोबत हे मीठ, आणि वरून शहाळं, केळं, रताळं. नुकसानच करायचं ठरवलं असतं तरी याहून जास्त सुचलं नसतं.

आणि सुई. महिन्याभरापेक्षा जास्त दिवस ती सुई घेतच नव्हती. एकही नाही. सूज उतरली ती तुझ्या मिठानं नाही. इन्सुलिन बंद म्हणून किडनीनं मीठ सोडलं, आणि वरून ती गोळी. आम्ही त्याले गुण आला म्हटलं.

मले माहीत नव्हतं ती सुई घेत नाही. विशालनं विचारलं, मॅडमनी विचारलं, मी सगळ्यांना तेच सांगितलं.

आता ती घरी आहे. बोलते. चमच्यानं पेज घेते.

यशवंत


वर्धा
५ सप्टेंबर २०२५

भाऊ,

घरातलं ते मीठ मी मोरीत ओतलं. मग वाटलं, मी कशाले ओतलं, मले तर त्यानं काही केलं नव्हतं. पण हातानं ऐकलं नाही.

औषध आहे हे मीच म्हटलं. नेम मोडत नाही हे मीच सांगितलं, वर काकूंची साक्ष काढली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं आहे, डॉक्टरले विचारल्याशिवाय काही लोकांनी खाऊ नये. दोन वर्षं माझ्या ओट्यावर पाकीट होतं आणि मी ते वाचलं नाही. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले. केळंही मीच सांगितलं. शहाळंही. तू म्हणशील तुले काय माहीत होतं. नव्हतं माहीत. मग तोंड कशाले उघडलं मी?

पण भाऊ, एक गोष्ट मनातून जात नाही, आणि मी तुझी बहीण आहे म्हणून विचारते. इन्सुलिनची बाटली तुमच्याच फ्रिजमध्ये असते ना? दारात, लोणच्याच्या बरणीपाशी, असं विशाल फोनवर म्हणाला. महिनाभर ती बाटली संपत नाही हे तुले दिसलं नाही?

सुजाता


रायपूर
१४ सप्टेंबर २०२५

सुजाताताई,

पद्मिनीचा नमस्कार. माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. मराठी लिहून किती वर्षं झाली. आमची शाळा भनपुरीची, हिंदीची. मराठी घरातच शिकली.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं. उत्तर लिहायले बसले, उठले. पुन्हा बसले, पेनात शाई नाही म्हणाले. पेन बॉलपेन आहे ताई. म्हणून मी लिहून राहिली. हे आता आंघोळीले गेले आहेत.

तुम्ही मिठाचं मनाले लावून घेऊ नका. मी नेम धरला होता तो पायाच्या सुजेसाठी नव्हता. डॉक्टर मीठ कमी कर म्हणाली ते निमित्त झालं. मी देवाले एवढंच मागितलं होतं की यांना थोडी झोप मिळू दे.

तुम्ही पाहिलं नाही ना त्यांना या दिवसांत. जूनमधे एके सकाळी सुई भरून माझ्यापाशी बसले आणि बसल्या बसल्या झोपले. हातात सुई, टोपण काढलेली. तोंड उघडं. मी ती सुई त्यांच्या हातातून हळूच काढली. हे जागे झाले आणि म्हणाले, टोचली का? मी म्हटलं, हव, टोचली. तेव्हापासून मनात आलं की हे काम यांच्यावरून काढायचं.

मी स्वतः टोचून पाहिली, खोटं नाही सांगत. चष्म्यानं रेघा दिसतात म्हटलं ते खोटं होतं. अंदाजानं भरली. एकदा जास्त गेली असेल. घाम फुटला, हात कापू लागले, ओट्याले धरून खाली बसली. साखरेच्या डब्यात हात घालून मूठभर साखर खाल्ली. हे आत झोपले होते. घोरत होते ताई, किती दिवसांनी. मी उठवलं नाही. मग मले सुईची भीती बसली. कोरी सिरिंज डब्यात टाकू लागली. पायाची सूजही उतरली, म्हटलं बरंच झालं, देवानं दोन्ही दिलं.

आता तुम्ही विचारलं त्याचं. यांनी बाटली पाहिली होती.

श्रावणातली गोष्ट. मी मोरीच्या दाराआड होती, यांना वाटलं मी बाहेर आहे. दही काढायले फ्रिज उघडला. बाटली उचलली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. भरलेलीच होती, कालच्यासारखी. किती तरी वेळ पाहून राहिले. मग जागेवर ठेवली, लोणच्याची बरणी थोडी पुढे सरकवली आणि पेपर घेऊन बसले. मी काही बोलली नाही. तेही काही बोलले नाहीत. दोघांनाही ती झोप पाहिजे होती ताई.

दवाखान्यात विशालनं यांना विचारलं, बाबा, आपको पता नहीं चला? हे नाही म्हणाले. मी पलंगावरून ऐकत होती. मी डोळे मिटून घेतले.

हे तुम्ही त्यांना कधी विचारू नका. सांगितलं तर कोसळतील. आता ते स्वतःच टोचतात, सकाळ-संध्याकाळ, आणि टोचताना माझ्याकडे पाहत नाहीत. पहाटे पाचले उठून बसतात. मी म्हणते झोपा, झोपत नाहीत. मागितलेली झोप देवानं दिली होती, ती मी परत केली असं मले वाटते.

आता आटोपतं घेते. नळ बंद झाला.

पद्मिनी


रायपूर
२२ सप्टेंबर २०२५

सुजाता,

उत्तराले उशीर झाला. इकडे सगळं ठीक. रक्त तपासलं, दोनदा. पोटॅशियम जाग्यावर आलं. ती गोळी बंद केली, दुसरी दिली. पायाले थोडी सूज आली, मॅडम म्हणाल्या येऊ द्या, त्याचं पाहू. साधं मीठ चिमूटभर चालते म्हणाल्या. पद्मिनीनं नेम सोडायले नकार दिला. मग मॅडमनीच तिले सांगितलं की अळणीच खायचं तर खा, पण पाकिटातलं काही नको. म्हणून आम्ही पुन्हा अळणी वरण खाऊन राहिलो. मले आता त्याची सवय झाली.

सुई मीच देतो. हात कापते, पण दुसऱ्या हातानं मनगट धरतो.

तू बाटलीचं विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं आहे. लिहायले बसलो की होत नाही. तू कधी येशील? आली की सांगीन. कोणाले तरी सांगितल्याशिवाय मले चालणार नाही असं वाटते. झोप लागत नाही.

यशवंत


वर्धा
२७ सप्टेंबर २०२५

भाऊ,

मी दसरा झाला की येऊन राहिली. परतीचं तिकीट काढलं नाही.

बाटलीचं मी उगाच विचारलं. रागात होती, स्वतःवरच्याच. तो प्रश्न मी परत घेतला. तुले सांगायचंच असेल तर मले सांगू नको. घरात जी आहे तिच्यापाशी बस, पेपर बाजूले ठेवून. आणि सांगता नाही आलं तर नुसता बस.

इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरपाशी मी सुई शिकली. चार मोसंब्या वाया घालवल्या, मग पाचवीत नीट गेली. माझ्या डोळ्यांना रेघा दिसतात आणि हात थरथरत नाही, पोस्टात शिक्के मारून घट्ट झाला आहे. पोटॅशियमचं म्हणशील तर आता मले फळवाल्यापेक्षा जास्त माहीत आहे. वहिनींच्या ताटात काय पडते ते मी पाहीन, आणि काही नवं सुचलं तर आधी मॅडमले विचारीन, मग तोंड उघडीन.

मी आली की सकाळची सुई माझी. संध्याकाळचीही माझीच. चहा मात्र तुझा तूच करजो, मले तुझ्यासारखी चार चमचे साखर घालवत नाही.

वहिनींना एक निरोप देजो. म्हणावं, तुम्ही नेमात जे मागितलं होतं ते मी घेऊन येऊन राहिली. त्यांना समजेल. तुले समजायची गरज नाही. तू झोपजो.

सुजाता